मालवणचे फोटो काढायचेत? आधी तिथी बघा

मालवण माझं आजोळ. धुरीवाड्यातल्या मामाच्या घरातून निघालं की पाच-सात मिनिटांत चिवल्याची वेळा. समुद्रकिनाऱ्याला तिकडे वेळा म्हणतात. लहानपणी सुट्टी लागली की आम्ही पोरं दिवसभर तिथेच. त्यामुळे पहिला कॅमेरा घेतला तेव्हा वाटलं, हा किनारा आपल्याला पाठ आहे, इथे काय शिकायचंय! चार दिवसांत सहाशे फोटो काढले. पुण्याला येऊन बघतो तर निम्मे तिरके, उरलेल्यांत एक नारिंगी गोळा आणि त्याच्याखाली काळा पट्टा. मालवणचे म्हणून दाखवावेत असे चारसुद्धा निघाले नाहीत. अलिबाग म्हटलं असतं तरी कुणी हरकत घेतली नसती.

त्याला आता बरीच वर्षं झाली. पहिल्यांदाच कॅमेरा किंवा बरा मोबाईल घेऊन मालवणला निघालेल्यांनी माझ्या चुका पुन्हा करू नयेत म्हणून हे लिहितोय. नव्या चुका कराव्यात, त्या करायला समुद्र भरपूर आहे.

पहिली पायरी : बॅग भरण्याआधी पंचांग

हॉटेल, रजा, रेल्वेचं तिकीट हे सगळं आपण शनिवार-रविवार बघून ठरवतो. समुद्राला रविवार कळत नाही, त्याला तिथी कळते.

आमच्या मामाकडे घड्याळापेक्षा भिंतीवरच्या कॅलेंडरवर भरवसा जास्त. कोकणात सगळीकडे चालणारा हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. अमावस्या-पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. शुक्ल असो की कृष्ण, दोन्ही पक्षांना हिशेब तोच, आणि वेळ दिवसाचीही तीच, रात्रीचीही तीच. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नक्की वेळ हवी तर भरती-ओहोटीची वेळ दाखवणारी मोबाईल ॲप आहेत, ती बघा. पण तिकीट काढताना ढोबळ हिशेबाने काम भागतं.

फोटोंच्या दृष्टीने याचा अर्थ काय? पौर्णिमा-अमावस्येला संध्याकाळची ओहोटी पाच-साडेपाचला येते. थंडीत मालवणला सूर्य सहा ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो. म्हणजे सूर्यास्ताला पाणी परत फिरून वर यायला लागलेलं असतं. मला त्यापेक्षा द्वितीया-तृतीया आवडते. त्या दिवशी ओहोटी सातच्या पुढे जाते, सूर्य मावळताना पाणी अजून मागे सरकत असतं आणि मागे राहिलेली ओली पुळण आरशासारखी चकाकते. ढगांचा रंग वर आकाशात असतो तेवढाच खाली वाळूत. हा आरसा फार टिकत नाही. लाट मागे गेल्यावर वाळू पाणी पिऊन टाकते, तोपर्यंतचे काही सेकंद आपले. मग पुढच्या लाटेची वाट बघायची.

अष्टमीच्या आसपास उलटं. सूर्यास्ताला भरती, पण ती भांगाची, म्हणजे जोर नसलेली. पाणी शांत असतं, होड्या वाळूत रुतून न बसता तरंगत असतात, समोरच्या सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट पाण्यातून सरळ वर आलेला दिसतो. पद्मगडाच्या छोट्या बेटाकडे जाणारी वाट मात्र बुडालेली असते.

उधाणाची मोठी भरती बघायला जाणाऱ्यांची एक फसगत होते. ती येते अमावस्या-पौर्णिमेला भर दुपारी, अकरा-बाराला. लाटा जोरदार, उजेड मात्र पांढराफटक. लाटा फुटतानाचे फोटो हवेत म्हणून पौर्णिमा गाठली आणि संध्याकाळी रॉक गार्डनला, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांत, गेलो, तर समोर ओहोटी. खडकांवर शेवाळ आणि खेकडे. त्या वेळी मी खेकड्यांचे फोटो काढले. बरे आले.

ऋतूबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा स्वच्छ, पाणी निवळलेलं, पण आकाश बऱ्याचदा निरभ्र, म्हणजे रंग चढायला ढगच नाहीत. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गर्दी एवढी की फोटोत वाळूपेक्षा माणसं जास्त. होळीनंतर क्षितिज धुरकट होतं. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात उकाडा जीव काढतो, पण वळवाच्या ढगांनी आकाश भरतं आणि सूर्यास्त सात वाजेपर्यंत लांबतो. माझे सगळ्यात चांगले आकाशाचे फोटो त्याच दिवसांतले आहेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही साधारण मेच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत बंद. तेव्हा पावसात किल्ल्यात जायचे बेत आखू नका. नारळी पौर्णिमेला मात्र बंदरावर जरूर या. समुद्राला नारळ देतात, नारळ लढवायच्या पैजा लागतात, सगळं मालवण नवे कपडे घालून जेटीवर असतं.

दुसरी पायरी : काय न्यायचं

कमी. मोबाईल असेल तर मोबाईल पुरे. कॅमेरा असेल तर त्याच्याबरोबर मिळणारी १८-५५ची लेन्स आणि जमल्यास एक २००-२५० मिलिमीटरपर्यंत जाणारी, बस्स. किनाऱ्यावर लेन्स बदलायची नाही. वाळूचा एक कण आत गेला की पुढच्या प्रत्येक फोटोत तो आकाशात काळा ठिपका होऊन बसतो. बदलायचीच असेल तर रिक्षात बसून किंवा घरी.

खारं वारं लेन्सवर अर्ध्या तासात एक चिकट पातळ थर चढवतं. डोळ्याला तो दिसत नाही, पण सूर्यासमोर धरलं की फोटो दुधाळ येतो. मोबाईलवाल्यांना हे जास्त भोवतं, कारण मोबाईलची लेन्स आपण शर्टाला पुसतो आणि शर्टावर आधीच वाळू असते. आधी फुंकणी, म्हणजे ब्लोअर, मारायचा, मग किंचित ओलसर मऊ फडकं, मग कोरडं. हा क्रम चुकला की ओरखडा ठरलेला. दोन फडकी आणि एक प्लास्टिकची पिशवी खिशात हवीच.

एसी खोलीतून कॅमेरा काढून थेट किनाऱ्यावर नेला की काचेवर आतून-बाहेरून वाफ धरते. पहाटे साडेसहाला चिवल्यावर पोचायचं आणि सव्वासातपर्यंत लेन्स पुसत बसायचं, हे मी केलेलं आहे. रात्री बॅग बंद करून एसी नसलेल्या जागी, पडवीत वगैरे ठेवा. नाहीतर निघण्याच्या अर्धा तास आधी बंद बॅगच बाहेर काढून ठेवा.

ट्रायपॉड हवा तर हलका न्या, पण पाय ओल्या वाळूत नीट दाबून रोवा. प्रत्येक लाट पायाखालची वाळू काढून नेते आणि ट्रायपॉड हळूहळू कलतो. आपल्याला वाटतं क्षितिज सरळ आहे.

ड्रोनबद्दल बरेच जण विचारतात. पहिल्या खेपेला घरी ठेवा. सिंधुदुर्ग हे संरक्षित स्मारक आहे, त्यावर विनापरवाना ड्रोन उडवता येत नाही. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनला नोंदणी लागते आणि किनारपट्टीवर पोलिसांचं लक्ष असतं. शिवाय रापणीच्या जाळ्यामागे घिरट्या घालणारे पक्षी आणि ड्रोन यांचं जमत नाही.

तिसरी पायरी : दिवसाचा उजेड कुठून येतो ते समजून घ्या

मालवण पश्चिम किनाऱ्यावर. सूर्य उगवतो तो गावामागून, माडांच्या आणि डोंगरांच्या मागून, आणि मावळतो समुद्रात. हे सगळ्यांना माहीत असतं, पण फोटो काढताना आपण विसरतो. सकाळी समुद्रावर जाऊन 'सूर्योदय दिसलाच नाही' म्हणणारे पर्यटक दर मोसमात भेटतात.

सकाळी उजेड तुमच्या पाठीमागून समुद्राकडे जातो. म्हणजे होड्यांचे रंग, किल्ल्याचा गावाकडचा तट, रापण ओढणाऱ्यांचे चेहरे हे सगळं सकाळचं काम. आकाशही तेव्हा निळं दिसतं. संध्याकाळी सूर्य समोर येतो, चेहरे काळे पडतात, आकार उरतात. माडाची झावळी, होडीचं टोक, वल्हं खांद्यावर टाकून चाललेला माणूस, हे संध्याकाळचं काम. ही वाटणी पाळली तर निम्मी अडचण सुटते.

सूर्योदय हवाच असेल तर देवबागला जा. मालवणहून तारकर्लीमार्गे पुढे गेलं की जमीन अरुंद होत जाते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी. नदीकाठी उभं राहिलात की समोर पूर्व. पाण्यावर पहाटेची वाफ, पलीकडच्या काठावर माडांची रांग आणि त्यांच्यामागून वर येणारा सूर्य. थंडीत तो सातच्या आसपास उगवतो, म्हणजे साडेसहाला तिथे असा. सूर्य वर येण्याआधीची वीस मिनिटंच खरी. त्याच संध्याकाळी रस्ता ओलांडून समुद्राकडे गेलात की सूर्यास्तही मिळतो. एकाच गावात दोन्ही मिळणाऱ्या जागा फार नाहीत.

चौथी पायरी : चिवला आणि रापण

आता माझ्या आवडीच्या विषयावर जरा रेंगाळतो.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी जाळं सोडत समुद्रात मोठी अर्धगोल फेरी मारून येते. जाळ्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर. मग दोन्ही टोकांना माणसं लागतात आणि ओढायला सुरुवात होते. बाप्ये, बायका, म्हातारे, सुट्टी असेल तर पोरं. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकत जातात, जाळं लहान होत जातं, आणि शेवटी मासळीने भरलेला मधला भाग वाळूवर येतो. या सगळ्याला दीड-दोन तास सहज लागतात. ट्रॉलरच्या मासेमारीपुढे रापण आता कमी झाली आहे, रोज असेलच असं नाही. आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करत बसलेल्या कुणाला तरी विचारून ठेवायचं.

मी पहिल्यांदा रापणीचे फोटो काढायला गेलो तेव्हा मला वाटलं, समोरून काढावेत, सगळे चेहरे येतील. म्हणून दोरी आणि पाणी यांच्या मधे जाऊन उभा राहिलो. मागे सरकताना पाय नेमका जाळ्यावर. तांडेल, म्हणजे त्यांचा म्होरक्या, एवढ्या जोरात ओरडला, "जाळ्यार पाय ठेव नको रे!" की सगळी रांग थांबून माझ्याकडे बघायला लागली. जाळं त्यांच्या पोटापाण्याचं, आणि पाय पडला की फाटतं किंवा मासळीला वाट मिळते. कॅमेरा गळ्यात घालून मी गुपचूप रांगेच्या शेवटी गेलो आणि दोरी धरली. दहा मिनिटं ओढली. तळहात सोलले. पण त्यानंतर माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, आणि फोटोसाठी तेच हवं होतं.

त्या दहा मिनिटांत एक गोष्ट दिसली ती समोर उभं राहून कधीच दिसली नसती. माणसं हाताने ओढतच नाहीत. दोरी कमरेला घेऊन सगळं अंग मागे टाकतात आणि टाचा वाळूत रुततात. प्रत्येक हिसक्यागणिक टाचेखालून ओली वाळू दोन बोटं वर येते. माझ्या पुढच्या काकांच्या टाचांना भेगा होत्या आणि त्या भेगांत वाळू गच्च भरलेली. मागे येऊन मी गुडघ्यावर बसलो, कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर धरला आणि फक्त टाचांची रांग काढली. त्या खेपेचा तोच एक फोटो मी अजून ठेवला आहे.

तेव्हा रापणीसाठी माझा क्रम असा. सुरुवातीची वीस मिनिटं लांबून काढा, होडी आणि दोरीचा बाक दोन्ही येईल असे. मग बाजूने, रांगेला समांतर चालत. एकामागून एक कललेली शरीरं बाजूनेच दिसतात. मग खाली बसून, हात, टाचा, दोरीच्या गाठी. शेवटची दहा मिनिटं सगळ्यात धावपळीची. पक्षी घिरट्या घालतात, मासळी उडते, पाट्या येतात. तेव्हा शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा आणि एकामागून एक फोटो काढायची सोय चालू ठेवा. मोबाईलवर बटण दाबून धरलं की काम होतं. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढला तर वाढू द्या. हललेल्या बांगड्यापेक्षा किंचित दाणेदार बांगडा बरा.

माणसांना विचारायचं कसं, तर सरळ. "काका, एक फोटो काढू काय?" मालवणी येत नसेल तरी एवढं येऊ द्या. बहुतेक वेळा उत्तर येतं, "काढ, पण मगे माका धाड हां." म्हणजे मला पाठव. मग नंबर घ्यायचा आणि खरोखर पाठवायचा. लिलावाच्या वेळी मासळीवाल्या बायका घाईत असतात, बोली चालू असते, तेव्हा मधे तोंड घालू नये. नाही म्हणाल्या तर नाही. आणि आंघोळ करणाऱ्या पर्यटकांचे, विशेषतः परक्यांच्या मुलांचे, फोटो काढायचे नाहीत. हे खरं तर सांगायला लागू नये, पण लागतं.

पाचवी पायरी : किल्ला

कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं बांधकाम २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सुरू झालं. २०२५ साली 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून युनेस्कोने जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले त्यांत हाही आहे. तेव्हापासून गर्दी वाढली आहे, हे फोटोवाल्यांनी गृहीत धरावं.

बंदर जेटीवरून सकाळची पहिली होडी धरा. गावाकडच्या तटावर उजेड सकाळीच असतो, दुपारनंतर तो सावलीत जातो. होडीतून फोटो काढताना कोपर होडीच्या काठावर टेकवू नका. इंजिनाची थरथर काठावरून हातात आणि हातातून फोटोत उतरते. कोपर पोटाशी, शटर १/५०० च्या वर. किल्ल्याचं मुख्य दार लांबून दिसतच नाही. दोन बुरुजांच्या कुशीत ते असं वळवून लपवलंय की होडी अगदी जवळ गेल्यावर उलगडतं. तो उलगडण्याचा क्षण पाच-सहा फोटोंच्या मालिकेत छान येतो, एका फोटोत येत नाही. आधी नुसती भिंत, मग भेग, मग दार.

आत गेल्यावर सगळे शिवराजेश्वराच्या देवळाकडे धावतात. तुम्ही आधी तटावर चढा. वरून एका बाजूला उघडा समुद्र, दुसऱ्या बाजूला माडांत बुडालेलं मालवण दिसतं. तट नागमोडी आहे, त्यामुळे एका वळणावर उभं राहून पुढचं वळण आणि त्याच्यावर चालणारी माणसं घेतली की लांबी-उंची आपोआप कळते. माणूस नसेल तर तट केवढा आहे ते फोटोत समजत नाही. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या खाऱ्या पाण्यातल्या तीन गोड्या विहिरी आहेत. आत डोकावून अंधार आणि पाण्याचा तुकडा दोन्ही एका फोटोत पकडायचा नाद करू नका. पाण्यात पडलेल्या आकाशावर बोट ठेवून उजेड ठरवा आणि कठडा काळा पडू द्या.

देवळाच्या आत फोटो काढण्याआधी पुजाऱ्यांना विचारा. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, तो खोलीवरच ठेवा. आणि किल्ल्यात आजही लोक राहतात. त्यांचं अंगण हे आपलं दृश्य नव्हे.

सहावी पायरी : दांडी, पद्मगड, मोरयाचा धोंडा

संध्याकाळी दांडीच्या किनाऱ्यावर. समोर किल्ला, त्याच्या अलीकडे पद्मगडाचं छोटं बेट. थंडीत सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो आणि किल्ल्याच्या आसपास उतरतो. अशा वेळी उजेड मोजताना सूर्यावर नाही, सूर्याच्या शेजारच्या आकाशावर मोजायचा. मोबाईलवर तिथे बोट दाबून धरलं की उजेड तिथे पक्का होतो, मग बोट खाली ओढून एक पायरी काळोखं करा. तट काळा कापल्यासारखा दिसेल आणि आकाशातला रंग पांढरा पडणार नाही. क्षितिजरेषा मोबाईलच्या पडद्यावरच्या जाळीच्या (ग्रिडच्या) रेघेवर बसवा. आणि ती कुणाच्या मानेतून जात नाही ना, हे बघा. माझ्या मामीचा एक फोटो आहे, त्यात समुद्र तिच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडतो. तिने तो अजून विसरलेला नाही.

उधाणाच्या ओहोटीला दांडीवरून पद्मगडापर्यंत चालत जाता येतं. तिथून किल्ला आणखी जवळ दिसतो आणि गर्दी जवळपास नसते. पण आधी तिथल्या होडीवाल्यांना विचारा, वाट आज उघडी आहे का आणि किती वाजता बुडते. ओहोटीच्या वेळेआधी निघायचं आणि पाणी फिरलं की लगेच परतायचं. आणखी एक फोटो म्हणून थांबायचं नाही. भरती पायाला लागते तोवर मागची वाट गेलेली असते.

मोरयाचा धोंडाही याच बाजूला आहे. किल्ल्याच्या पायाभरणीआधीची पूजा इथे झाली असं मालवणकर सांगतात. खडकावर गणपती, सूर्य, चंद्र कोरलेले आहेत, पण खाऱ्या वाऱ्याने झिजलेले. दुपारी बाराला गेलात तर नुसता दगड दिसेल. सूर्य खाली असताना जा, म्हणजे उजेड दगडावरून आडवा घसरतो, रेघेच्या एका कडेला सावली धरते आणि कोरीव काम उठून दिसतं. घाई असेल तर सोबत्याला टॉर्च दगडाला जवळपास समांतर धरायला सांगा. काम तेच होतं.

सूर्य गेल्यावर लोक उठून घरी जातात, तुम्ही थांबा. पुढची वीस-पंचवीस मिनिटं आकाश गडद निळं होतं आणि होड्यांवरचे दिवे लागतात. मोबाईलचा रात्रीचा मोड चालू करून तो एखाद्या पालथ्या होडीवर टेकवा. कॅमेरा असेल तर ट्रायपॉड, आयएसओ १०० ते २००, लेन्सचं छिद्र एफ ८ आणि शटर दोन ते आठ सेकंद. बटण दाबताना कॅमेरा हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा.

सातवी पायरी : रॉक गार्डन, जपून

इथे लाट फुटतानाचे फोटो मिळतात, आणि इथेच बॅगा, चपला आणि कधी कधी माणसं वाहून जातात. पोचल्या पोचल्या खाली उतरू नका. दहा मिनिटं वर उभं राहून बघा, मोठी लाट कुठवर येते. लाटा सारख्या येत नाहीत, बऱ्याच लहान गेल्या की दोन-तीन मोठ्या येतात. खडक कोरडा आणि खरखरीत दिसला तर पाय ठेवायला बरा. हिरवा, ओला, चकचकीत दिसला तर नाही. पावसाळ्यात तर खाली अजिबात उतरायचं नाही.

मी एकदा बॅग 'सुरक्षित' खडकावर ठेवून पुढे गेलो होतो. पाऊण तास तो खडक कोरडा होता. मग एक लाट आली आणि बॅग अर्धी भरून गेली. लेन्सचं झाकण त्यानंतर कुणाला दिसलं नाही.

तुषार गोठवायचे तर शटर १/१०००, आणि सूर्य लाटेच्या मागे येईल असं उभं राहा, म्हणजे पाण्यातून उजेड आरपार येतो. पाणी दुधासारखं दिसायला हवं असेल तर ट्रायपॉडवर अर्धा ते एक सेकंद, सूर्य गेल्यावर. तो दुधाचा प्रकार पहिल्या वर्षी सगळ्यांना आवडतो. दुसऱ्या वर्षी कमी होतो. डबक्यांत खेकडे, छोटे मासे आणि आकाशाचा तुकडा असतो, ओहोटीला तिकडेही बघा.

वेळ उरला तर उत्तरेला सर्जेकोटच्या बंदरात एक सकाळ घाला, आणि तोंडवळी-तळाशीलला एक संध्याकाळ. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे माडांची पट्टी, आणि माणसं कमी.

शेवटची पायरी : घरी आल्यावर

खोलीवर पोचलात की जेवणाआधी सामान पुसा. भूक लागलेली असते, समोर माशाचं ताट असतं, तरी आधी सामान. ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याखाली धरून वाळू काढा, सांधे उघडून सुकवा. कॅमेऱ्यावर पाणी ओतायचं नाही, ओलसर फडक्याने पुसायचा. मीठ रात्रभर राहिलं की सकाळी बटणं कुरकुरतात.

मग फोटो निवडा. शंभरातले दहा ठेवा. तिरकं क्षितिज सरळ करा, कडेला आलेलं कुणाचं कोपर कापा, रंग फार भडक करू नका. मालवणचं पाणी थंडीत खरंच हिरवं-निळं असतं, त्याला आणखी रंगवायला नको.

आणि ज्यांना 'पाठवतो' म्हणालात त्यांना पाठवा. शक्य असेल तर छापून न्या. मी गेल्या खेपेला चिवल्यावरच्या एका आजींचा फोटो मोठा छापून नेला होता. रापणीनंतर पेडव्यांचे, म्हणजे छोट्या मासळीचे, वाटे घालत होत्या, चेहऱ्यावर कोवळं ऊन, मागे समुद्र. कडेचा पसारा मी नीट कापून टाकला होता आणि स्वतःवर खूश होतो. त्यांनी चष्मा लावला, फोटो जवळ धरला, लांब धरला, उलटा करून मागेही बघितलं.

"बरो इलो," म्हणाल्या. "पण माझी पेडव्यांची पाटी खंय गेली?"